जैनबबीचे सिलीपाट

अकोल्याच्या जुन्या शहरात जैनबबीच्या घरामागे रेल्वेच्या जुन्या सिलीपाटांचा एक ढीग होता. त्या ढिगावरून गल्लीनं तिची इतकी थट्टा केली, की दुसरी कुणी असती तर तिनं तो केव्हाच पेटवून दिला असता. जैनबबीनं पेटवला नाही. एक तर ती हट्टी बाई, आणि दुसरं म्हणजे हे लाकूड पेटवायचं नसतं ही गोष्ट एव्हाना अख्ख्या मोहल्ल्याला कळून चुकली होती.

ती कळली एका वलीम्यात, नवरदेवाकडच्या लग्नाच्या जेवणात. शेजारच्या घरी लग्न होतं आणि सरपण कमी पडलं, तेव्हा आचाऱ्यानं कुणालाही न विचारता ढिगातले दोन सिलीपाट फोडून चुलाणात घातले. आता रेल्वेचा सिलीपाट म्हणजे काही साधं लाकूड नव्हे. रुळाखाली ऊनपावसात पडून राहायचं, वाळवी लागायला नको, म्हणून त्याला काळं डांबरी तेल पाजलेलं असतं. त्या धुरानं बिर्याणीला असा काही वास लागला की पाहुण्यांनी दोन घास खाऊन हात धुतले. पुढं वर्षभर लोक त्या नवरदेवाला विचारत होते, बिर्याणी चारली होती की रेलगाडी.

हा ढीग आणला होता तिच्या नवऱ्यानं, जहीर मिस्त्रीनं. मीटरगेजची छोटी लाइन उखडली तेव्हा रुळाखालचे लाकडी सिलीपाट विकायला निघाले. जहीर ते बघून आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. असं साल वृक्षाचं लाकूड आता डोळ्यांनी बघायला मिळत नाही, वरची काळी कातडी काढली की आत नवं निघतं, दारं करा, बाकं करा, नातवंडं म्हातारी होतील पण हे हलणार नाही, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. ट्रक भरून आला तेव्हा जैनबबीनं कपाळाला हात लावला. पण नवऱ्याच्या तोंडावरचा आनंद बघून ती काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

जैनबबी मूळची अंजनगाव सुर्जीची, कल्हईवाल्याची मुलगी. लहानपणी बापाच्या भात्यापाशी बसून तिनं तांब्यापितळेची भांडी काळी होताना आणि उजळताना बघितली होती. कुठल्या धातूला कुठलं आंबट चालतं आणि कुठलं चालत नाही, हे तिला शाळेत जायच्या आधी कळत होतं. घरात ती उर्दू बोलायची, बाजारात वऱ्हाडी, आणि राग आला की दोन्ही एकदम. राग तिला रोज यायचा.

सिलीपाटाची अडचण त्याच्या पोटात असते. रूळ धरून ठेवायला त्यात जाडजूड खिळे ठोकलेले असतात, टोकं फुटू नयेत म्हणून वाकड्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या असतात. वरचं लोखंड उपटता येतं. पण वर्षानुवर्षं गाड्या गेल्यावर एखादा खिळा आतच तुटतो, वरून भोक बुजतं, आणि तो तुकडा लाकडात लपून बसतो. असा सिलीपाट आरा मशीनवर घातला की पात्याची गाठ त्या तुकड्याशी पडते.

मोर्णा नदीच्या पलीकडे देवरावची आरा मशीन होती. देवराव आणि जहीर मिसरूड फुटल्यापासूनचे दोस्त, संध्याकाळचा चहा एकमेकांशिवाय घेत नसत. ढिगातला पहिला सिलीपाट जहीरनं अर्थातच देवरावकडे नेला. देवरावनं विचारलं, "लोखंड पाह्यलं का बे?" जहीर उतावीळ झाला होता. दिसत होते तेवढे खिळे त्यानं काढले होते. तो म्हणाला, "टाक बे, बिनधास्त."

देवरावनं टाकला. अर्ध्यावर पातं कडाडलं, त्याचा एक दात उडाला आणि देवरावच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही.

दवाखान्यातून आल्यावर देवरावनं मशीनच्या दारावर एक पाटी लावली : 'येथे सिलीपाट चिरून मिळणार नाहीत.' जहीरला त्यानं एक शब्दानं दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, कारण जहीर शिव्या खायच्या तयारीनंच त्याच्या घरी गेला होता. देवरावनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, पाऊसपाण्याचं बोलला. त्यानंतर जहीर पुन्हा तिकडे गेला नाही. त्यानं हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली आणि एका प्लायवूडच्या दुकानात सनमायका चिकटवायच्या कामाला लागला. काम वाईट नव्हतं, पण लाकडाचा वास घेऊन जगलेला माणूस दिवसभर गोंदाचा वास घेऊन घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. एक शब्दही त्याच्या बोलण्यातून गळून गेला. पूर्वी तो उठता बसता बिनधास्त म्हणायचा, भाजीत मीठ पडलं का विचारलं तरी बिनधास्त. आता तीन-चार वर्षांत जैनबबीनं तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ते तिला ढिगापेक्षा जास्त सलत होतं.

असं असताना वरूडकडचा अमोल नावाचा एक संत्रेवाला जुनी दारं बघायला म्हणून मोहल्ल्यात आला आणि ढिगापुढं उभा राहिला. त्याच्या बगिच्याचं लोखंडी फाटक ट्रॅक्टरच्या धडकांनी वाकून वाकून निकामी झालं होतं. त्याला जाड फळ्यांचं फाटक हवं होतं, वाळवी न लागणारं. जहीरनं दारातूनच सांगितलं की ते लाकूड विकायचं नाही. अमोल निघून गेला. जैनबबीनं ओढणी डोक्यावर घेतली, मागच्या दारानं निघाली आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"फाटक होईल," ती म्हणाली. "माप देऊन जा."

"पण मिस्त्री तर नाही म्हणून राह्यले."

"मिस्त्रीचं सोडा. तुमी माप द्या."

माप घेऊन ती घरी आली तेव्हा तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. पण शब्द दिला होता. तिनं पलंगाखालची पेटी ओढून वाकस काढला आणि दुसऱ्या दिवशी, जहीर कामावर गेल्यावर, पहिला सिलीपाट तासायला घेतला. पंचवीस वर्षं ती नवऱ्याचं काम स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आली होती. बघणं आणि करणं यातला फरक तिला पहिल्या तासाभरात हाताला आलेल्या फोडांनी समजावून सांगितला. वाकस दोनदा घसरला, एकदा तर चपलेचा अंगठा उडाला. चपलेच्या आतला अंगठा वाचला यावर तिनं अल्लाचे आभार मानले आणि पुन्हा कामाला लागली.

जहीरनं संध्याकाळी येऊन तासलेला सिलीपाट बघितला, तिच्या हाताला बांधलेल्या चिंध्या बघितल्या.

"हात तोडून घेशील, जैनब."

"तुटू द्या."

त्यानं अडवलं नाही आणि मदतही केली नाही. पण आता तो भिंतीकडे तोंड करून न पडता मागच्या दाराकडे तोंड करून पडू लागला, एवढं तिच्या लक्षात आलं.

काळी कातडी निघाली की खाली खरंच तपकिरी, घट्ट लाकूड लागत होतं. फुटलेल्या टोकांना तिनं तारेनं आवळलं, उघड्या भोकांत त्याच लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बसवल्या. लपलेल्या लोखंडासाठी भावाकडून फुटक्या लाऊडस्पीकरचं चुंबक आणलं. ते वरवरचे बारीक खिळे पकडायचं, खोलातल्या तुकड्यापुढं गप्प राहायचं. इथं तिचं काम अडलं, आणि ते सुटलं एका चुकीनं.

आवळ्याचे दिवस होते. तिनं मुरब्ब्यासाठी आवळे उकडले आणि गरम भगोना ठेवायला जागा नव्हती म्हणून रंधा मारून गुळगुळीत केलेल्या सिलीपाटावर नेऊन ठेवला. भगोना कलंडला. आंबट पाणी सगळ्या लाकडावर पसरलं. तिनं स्वतःला, आवळ्यांना आणि रेल्वेला ओळीनं शिव्या दिल्या. सकाळी बघते तर लाकडाचा रंग होता तसाच होता, फक्त एका जागी हाताच्या तळव्याएवढा निळाकाळा डाग उमटला होता.

तो रंग तिनं ओळखला. केस काळे करायला बायका लोखंडी कढईत आवळा भिजवतात तेव्हा हाच रंग उतरतो. आवळ्याला लोखंड भेटल्याशिवाय तो काळा होत नाही, हे कल्हईवाल्याच्या मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं गिरमिट लावलं. दोन बोटं खाली टणक लागलं. पटाशीनं कोरून कोरून तिनं अर्धा तुटलेला खिळा बाहेर काढला, ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायली. इतकी खूष ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

मग तिनं तीन सिलीपाट निवडले, कारण फाटकाला तेवढे पुरत होते. तासायचे, रंधायचे, आवळ्याचं पाणी फिरवायचं, डाग बघायचे, कोरायचं, भोक बुजवायचं, पुन्हा पाणी फिरवायचं. घरात मुरब्बा झालाच नाही. निघालेलं लोखंड ती डालड्याच्या जुन्या डब्यात टाकत गेली. तीनही सिलीपाटांवर डाग यायचे थांबले तेव्हा तो डबा उचलून ती देवरावच्या मशीनवर गेली.

"भाबी, पाटी वाचली का?" देवरावनं विचारलं.

"वाचली. अक्षर चांगलं हाय. आता उतरवा."

देवराव हसला. बाकीच्या आरा मशीनवाल्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं असतं; देवरावचा डोळा गावात सगळ्यांना माहीत होता. पण तिला दुसऱ्या कुणाकडे जायचंच नव्हतं. तिनं डबा त्याच्यापुढं ओतला, आवळ्याची सगळी हकिगत सांगितली. देवरावनं एकेक तुकडा उचलून उजव्या डोळ्याजवळ धरला. 

"हे सगळं खरं असंल, भाबी," तो शेवटी म्हणाला. "पण त्या दिवशी ज्यानं म्हणलं होतं, त्यानंच येऊन म्हणलं पाह्यजे. तुमच्या तोंडून नाही चालत."

"काय म्हणलं पाह्यजे?"

"तुमाले माहीत हाय."

तिला माहीत होतं. परतताना मोर्णेच्या पुलावर तिला रडू आलं, आणि देवरावचा रागही आला नाही. माणूस डोळा मागत नव्हता, हिशेब मागत नव्हता. त्याला त्याचा दोस्त हवा होता, आणि तो तसाच, पहिल्यासारखा बोलणारा.

घरी आल्यावर तिनं आडवळण घेतलं नाही. "देवरावभाऊ मशीन चालू करतात म्हणतात. तुमी येऊन म्हणायचं, बिनधास्त टाक."

जहीरनं हातातला पेला खाली ठेवला. "ते लफ्ज माह्या जबानवर येत नाही, जैनब."

"मंग मी म्हणीन."

"तुले काय माहीत त्या लाकडाच्या पोटात काय हाय?"

"मले जेवढं माहीत हाय, तेवढ्यावर म्हणीन. तुमाले जास्त माहीत असंल तर घरी बसू नका."

तो बसूनच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गल्लीतल्या धर्मपालचा हातठेला बोलावला. दोघांनी मिळून तीन सिलीपाट चढवले. धर्मपाल पुढून ओढत होता, ती मागून लोटत होती, आणि गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. मागं वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पुलाच्या मध्यावर मात्र तिनं बघितलं. बऱ्याच अंतरावर जहीर सायकल हातात धरून चालत येत होता. सायकलवर बसला असता तर त्यांना कधीच मागं टाकलं असतं. तो बसत नव्हता.

मशीनवर तो आत आला नाही, फाटकापाशी सायकलला टेकून उभा राहिला. देवरावनं त्याला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. धर्मपालनं पहिला सिलीपाट पात्यासमोर लावला.

"बोला, भाबी," देवराव म्हणाला. खरं तर तो फाटकाकडे बघून बोलत होता.

फाटकाकडून आवाज आला नाही.  आपण सगळं धुतलंय, सगळं कोरलंय, डाग एकही नाही, असं जैनबबीनं मनाशी म्हटलं. अख्ख्या गल्लीनं जाताना बघितलं होतं, धर्मपाल थांबला होता, अमोलला शब्द दिला होता.

"टाका, देवरावभाऊ," ती म्हणाली. "बिनधास्त."

देवरावनं बटण दाबलं. पातं फिरायला लागलं आणि त्याचा आवाज चढत गेला.

"थांब."

जहीर आत आला होता. त्यानं सरळ जाऊन मशीन बंद केली. मग कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि सिलीपाटावर ओतून हातानं पसरवलं. पाणी लाकडात मुरलं. फक्त टोकाकडे वीतभर जागेत ते मुरलं नाही, थेंबथेंब होऊन वरच उभं राहिलं.

"इथं तेल जिरलेलं हाय," तो म्हणाला. "पानीच आत नाही गेलं, तं आवळा कुठून जाईल?"

 जैनबबीनंच देवरावकडून पटाशी मागितली, पण ती जहीरनं घेतली. त्यानं थेंब उभे राहिलेली जागा पटाशीच्या मागच्या बाजूनं ठोकून बघितली, कान लावला, आणि कोरायला सुरुवात केली. चार बोटं खाली लोखंड लागलं. गंजलेला, बोटाएवढा खिळ्याचा तुकडा होता तो. तिच्या सांगण्यावरून पातं चाललं असतं तर बरोबर त्याच्यावर गेलं असतं.

ती देवरावच्या चांगल्या डोळ्याकडे बघू शकली नाही. इतकी वर्षं ती मनात म्हणत आली होती की मी असते तर नीट बघितलं असतं, उगाच तोंडातून शब्द काढला नसता. आणि आता तिच्याही तोंडून तोच शब्द तसाच निघाला होता, लाकडाकडे बघून नाही, बघणाऱ्या लोकांकडे बघून. नवऱ्यावरचा एक जुना राग त्या जागी उभ्या उभ्या संपला. अर्थात दुसरा नवा राग लगेच हजर होता.

"घरी दिसलं होतं तुमाले हे?"

"डाउट होता."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तू बोलू देतेस काय?" जहीर म्हणाला, आणि देवराव खो खो हसला. हे भांडण त्यानं पूर्वी रोज संध्याकाळी ऐकलं होतं.

मग जहीरनं तीनही सिलीपाट पाण्यानं धुतले. जिथं जिथं थेंब उभे राहिले तिथं तेलकट थर तासून काढला, खालच्या ताज्या लाकडावर जैनबबीनं घरी जाऊन आणलेलं आवळ्याचं पाणी फिरवलं, आणि सगळे वाट बघत बसले. आवळ्याला घाई चालत नाही. देवरावनं आपलं गिऱ्हाईक परत पाठवलं, चहा मागवला. जहीर आणि तो एकाच बाकावर बसले. दोघांत फारसं बोलणं झालं नाही, पण दुपार टळून गेली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. आणखी एक डाग उमटला. तोही कोरून झाला. जहीरनं प्रत्येक सिलीपाट हातभर अंतरानं ठोकून ऐकला, पुन्हा ऐकला. जैनबबीला एकदाही घाई करावीशी वाटली नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा पहिला सिलीपाट पुन्हा पात्यासमोर आला. देवरावनं बटणावर हात ठेवला.

"आता?"

जहीरचे ओठ हलले, शब्द आला नाही. मग तो मशीनला वळसा घालून डाव्या अंगाला गेला आणि त्या दिवशी देवराव जिथं उभा होता, नेमका तिथं, पात्याकडे तोंड करून उभा राहिला.

"टाक," तो म्हणाला.

 त्याला तिथून ओढून काढावं असं जैनबबीला वाटलं, आणि तिनं ते केलं नाही. आयुष्यात एवढा हट्ट तिला कधीच करावा लागला नव्हता.

देवरावनं काही क्षण त्याच्याकडे बघितलं. मग खुंटीवरचा स्वतःचा कामाचा चष्मा काढला, जाऊन जहीरच्या डोळ्यांवर चढवला, आपण दुसरा लावला आणि मशीन चालू केली. धर्मपालनं लोटलं, पातं लाकडात शिरलं. आवाज जाड झाला, एकसारखा चालत राहिला, टोकापर्यंत गेला आणि पुन्हा मोकळा झाला. फळी वेगळी होऊन पडली. आतलं लाकूड तांबूस, नवंकोरं होतं, आणि डांबराच्या वासाखालून साल लाकडाचा वास सगळ्या शेडमध्ये पसरला. जहीरनं वाकून मूठभर भुसा उचलला आणि नाकाशी धरला.

पातं फिरतच होतं. त्यानं धर्मपालला बाजूला सारलं, दुसरा सिलीपाट स्वतः उचलून लावला आणि देवरावकडे बघितलं.

"टाक बे," तो म्हणाला. "बिनधास्त."

देवरावनं कानामागं हात धरला. "काय म्हणतोस? मशीनचा आवाज हाय."

ऐकू आलं होतं त्याला. जैनबबीला दूर उभी असूनही ऐकू आलं होतं.

"बिनधास्त," जहीर मोठ्यानं म्हणाला, आणि देवरावनं सिलीपाट पुढं सरकवला.